मुराळी कुठवर आला

भास्कर गेल्याचे मला त्याच्या मित्राने, ललितने, फोनवर कळवले, पण 'गेला' हा शब्द त्याच्या तोंडून आला नाही. धुळ्याच्या घरी मी सकाळचा चहा गाळत होते. "अक्का, जळगावला निघा," एवढेच तो म्हणाला. मी गॅस बंद केला, दोन साड्या पिशवीत भरल्या आणि स्टँडवर गेले. भास्कर गेल्याचे मला तेवढ्यावरूनच कळले होते... जळगावात मेहरूण भागातल्या त्याच्या घरी पोचले तेव्हा अंगणात ललित लोकांसाठी सतरंजी झटकत होता. मला पाहून त्याने ती पुन्हा एकदा झटकली.

ईशान, मैत्रेयी, तुमच्या या मामाआजोबांबद्दल मी आज लिहिते आहे, कारण त्यांच्या कार्यक्रमाचा एक जुना व्हिडिओ पाहून तुम्ही फोनवर विचारले होते, "आजी, आजोबा मधेच गायचे थांबतात आणि समोरच्या बायकाच गातात. असं का?" तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते आणि उत्तर लांबले. वाचकांपैकी ज्यांनी खानदेशात ते गाणे ऐकले असेल, त्यांनाही ते कुठून आले हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

भास्कर माझा धाकटा भाऊ. कॉलेजात असताना त्याने आणि ललितने 'ब्लॅक सॉइल' नावाचा बँड काढला. नाव ललितचे. त्याच्या मते ते इंग्रजीही वाटायला हवे होते आणि आपल्या कापसाच्या जमिनीचेही असायला हवे होते. ललितचे आजोबा मारवाडातून आलेले, जळगावात कापडाचे दुकान. दुकानामागच्या गोदामात तागे छतापर्यंत रचलेले असत, त्यामुळे ड्रमचा आवाज बाहेर फारसा जात नसे. भास्कर गिटार वाजवायचा आणि गायचा. आणखी दोघे मित्र होते. सगळी गाणी इंग्रजी, कॅसेटवरून कानाने उचललेली. मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलेले असल्याने उच्चार तपासायला मला गोदामात बोलावत. मी चुका दाखवत असे आणि ते चौघे मान डोलावून पुन्हा तसेच गात.

पहिला मोठा कार्यक्रम दोंडाईच्याला, ललितच्या मामाच्या नवरात्र मंडळात. माझे नुकतेच लग्न झाले होते आणि धुळ्याहून मी सासूबाईंना घेऊन गेले होते. पोरांनी एकामागून एक इंग्रजी गाणी वाजवली. लोकांनी बराच वेळ सहन केले. मग पुढच्या रांगेतले एक आबा उठून म्हणाले, "भो, एकबी शबद समजना नही! पेटी बिघडनी का तुमनी?" हशा उसळला. ललितचा मामा स्टेजच्या कडेला उभा राहून पोरांना उतरायच्या खुणा करू लागला.

भास्कर उतरला नाही. घाबरून त्याने जे पहिले आठवले ते सुरू केले, आणि आठवले ते आमचे आखाजीचे गाणे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि झाडांना झोके बांधून गातात. मुलीला सासरहून माहेरी आणायला जो भाऊ जातो, तो तिचा मुराळी. गाण्यात एका आळीच्या मुली विचारतात, मुराळी कुठवर आला? पलीकडच्या आळीतल्या मुली उत्तर देतात. आमच्या झोक्याला दोर बांधून द्यायचे काम भास्करचे. दोर बांधून झाला की आम्ही त्याला हाकलून देत असू. त्यामुळे त्याने आयुष्यभर ऐकला होता तो आमच्या आळीचा प्रश्न. उत्तरे लांबून, वाऱ्यावर, तुटक यायची. गाणे एवढेच आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

त्याने प्रश्न गायला, ललितने मागे आपला जोरकस इंग्रजी ठेका धरला, आणि दोन फेऱ्यांनंतर चौघांनी गाणे संपवून टाकले. तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक म्हातारी उभी राहिली. "ओ भो, गानं अर्धच शे! पुढलं आम्हले येस!"

आणि त्या बायकांनी उत्तर दिले. मुराळी नदीवर आला. भास्कर बावचळला, मग त्याने पुन्हा विचारले. मुराळी वेशीपाशी आला. ललितचा ठेका सुटता सुटता सावरला. प्रश्न तोच, पण दर उत्तराला मुराळी थोडा पुढे सरकत होता, आणि तो कुठे थांबणार हे स्टेजवर कोणालाच माहीत नव्हते. बायकांनी त्याला वाटेत पाणी प्यायला लावले, बैल बदलायला लावले, बहिणीच्या सासूला नावे ठेवायला लावली. माझ्या सासूबाई हसून लाल झाल्या होत्या. अखेर बायकांनी मुराळ्याला दारात आणून उभे केले तेव्हा गाणे संपले.

पुढे प्रत्येक कार्यक्रमाचा शेवट याच गाण्याने होत गेला. शिंदखेड्याला मुराळी एका वाटेने येई, धुळ्याला पांझरा नदी ओलांडून. लांबी किती, ते बायका ठरवत. मी भास्करला म्हटले, "अरे, उत्तरं मी सांगते, लिहून तरी घे." तो म्हणाला, "ताई, मला उत्तरं माहीत असली तर मी विचारीन कशाला?" मुंबईच्या एका कंपनीने ते ध्वनिमुद्रित करायला बोलावले तेव्हा तो आनंदाने गेला आणि न गाता परत आला. तिथे गायिका होत्या, चांगल्या होत्या, पण गाणे चार मिनिटांत बसावे म्हणून उत्तरे आधीच ठरवून ठेवली होती.

मग त्याच्या घशाचे ऑपरेशन झाले आणि आवाज गेला. तो मोबाइलवर टाइप करून बोलू लागला. ललितकडे धुळ्याच्या कार्यक्रमाची टेप होती. त्याने सुचवले, टेपवरचा आवाज लावू, आम्ही मागे वाजवू. भास्करने टाइप केले : "टेप थांबत नाही. बायका लांबवतात." ललितने वाद घातला. भास्करने मोबाइल पालथा ठेवला. त्या दोघांचे भांडण मी तेवढे एकदाच पाहिले.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी धुळ्यात त्याच्या आठवणीचा कार्यक्रम ठरला. ललितचा फोन आला. "अक्का, मी टेप लावणारे. त्याच्या आवाजाशिवाय ते गाणं मला सोसायचं नाही."

"त्याने नाही म्हटलं होतं."

"तो गेला ना आता! मग मी काय करू, नुसता ड्रम बडवू?"

"बडव," मी म्हटले.

त्याने फोन ठेवला. तो टेप आणणार की नाही, हे मला कार्यक्रमाला बसेपर्यंत माहीत नव्हते.

त्याने आणली नाही. कार्यक्रमाच्या शेवटी बँडमधल्या उरलेल्या तिघांनी ठेका सुरू केला आणि प्रश्नाच्या जागेपाशी आले. कोणी गायले नाही. फेरी पूर्ण झाली, दुसरी सुरू झाली. ललित खाली मान घालून वाजवत होता. माझ्या शेजारी भास्करची बायको मीना पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती. भास्कर ज्याला नको म्हणाला होता ते टाळून आम्ही गाणेच घालवले, असे मला वाटू लागले.

तिसऱ्या फेरीला मागच्या बायकांनी सुरुवात केली. त्यांनी उत्तर दिले नाही, प्रश्न विचारला. मुराळी कुठवर आला?

स्टेजवरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिले. इतकी वर्षे गाणे वाजवूनही उत्तर द्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. "आते तुम्ही सांगा ना भो!" मागून कोणीतरी ओरडले आणि बायका हसल्या. ललितने माइक ओढला. ललित तोवर कधीही गायला नव्हता, आणि त्याचे कारण लगेच सगळ्यांना कळले. मुराळी पांझरेच्या पुलावर आला, असे त्याने सांगितले.

बायकांनी पुन्हा विचारले. आता मुराळी पूल ओलांडणार, मग गल्लीत येणार, मग दारात, आणि गाणे संपणार, हे सभागृहात सगळ्यांना ठाऊक होते. ललितलाही होते. तो म्हणाला, मुराळी गिटारची तार विसरला, मागे फिरला.

बायका विचारतील तितक्या वेळा ललित सांगत गेला, बेसूर, ठेका न सोडता. मीनाने पदर सोडला आणि तीही विचारू लागली. शेवटी ललितचे हात थकले आणि त्याने काठ्या खाली ठेवल्या, तेव्हा मुराळी जळगावच्या वाटेवर, पारोळ्याच्या स्टँडवर चहा पीत बसला होता.