मिशीवरचा हात
दाढीच्या साबणाचा वास आला की पेणजवळच्या आमच्या घराची पडवी आठवते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. जन्मभर मिठागरात राबलेल्या बाबांना अर्धांगवायू झाला होता. वाचा गेली, उजवा हात गेला. त्यांचं सगळं मीच करायची. एका सकाळी न्हावी घरी आला होता. धाटावच्या कंपनीत रात्रपाळी करून आलेला माझा भाऊ भिंतीला टेकून पेंगत होता. खाडीवरून खारा वारा येत होता आणि बाबांच्या गालांवरचा फेस हळूहळू वाळत होता. न्हाव्याने वस्तरा उघडला आणि बाबांच्या डोक्यावरून भावाला विचारलं, "मिशी ठेवू का काढू?" भाऊ डोळे न उघडताच म्हणाला, "काढ रे. पेज लागते तिला, ही पुसून पुसून दमली हाय." खोटं नव्हतं ते, मी दमलेच होते. तेवढ्यात बाबांचा डावा हात वर आला आणि त्यांनी मिशी झाकून धरली. बोटांमधून फेस ओघळला, पण हात हलेना. न्हाव्याने वस्तरा मिटला. "नाय काढीत, काका," तो म्हणाला, आणि हे तो बाबांना म्हणाला. पुढे ते होते तोवर मी रोज ती मिशी पुसली, कधी वैतागून, कधी अर्धवट झोपेत. आता खांदा आखडल्यापासून माझा अंबाडा लेक घालते. परवा ती घरी आलेल्या पार्लरवालीला म्हणाली, "आईचे केस बारीकच करा, मला रोज वेळ होत नाही." बिचारी दमलेली असते. मी दुखरा हात कसाबसा वर नेला आणि अंबाडा धरून बसले.