अरुणचा आवाज कोणता?

अरुणने शेवटचं काम केलेल्या चित्रपटाला ध्वनीसाठी राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, ती बातमी राजेंद्र नगरच्या घरी त्याच्या बाराव्याच्या दिवशी पोचली. शेजारचे शर्माजी पेढ्यांचा डबा घेऊन आले आणि दारातच थबकले. सुतकाच्या घरात मिठाई द्यावी की नाही, त्यांना कळेना. अरुणची आई, म्हणजे माझी आत्या, म्हणाली, "ठेवा शर्माजी. उद्या तसंही गोडाचं जेवण आहे."

मुंबईच्या एका स्टुडिओत अरुण पडद्यावरच्या माणसांचे आवाज काढायचा. बोलण्याचे नव्हे, चालण्याचे, उठण्याबसण्याचे, कप ठेवण्याचे. शूटिंगच्या वेळी हे आवाज नीट मिळत नाहीत, म्हणून नंतर चित्र बघत बघत करावे लागतात. नायिका, हवालदार, घोडे, सगळ्यांचे पाय त्याचेच. चित्रपटात ऐकू येणारा आपला आवाज नेमका कोणता, हे मात्र तो सांगत नसे. "ओळखू आलं तर काम बिघडलं," एवढंच म्हणायचा. एकदा राजवाड्याजवळच्या टॉकीजमध्ये देवळातल्या घंटेवर आम्ही घरच्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "भिया, ती घंटा असली होती. देवळातच रेकॉर्ड केली. तुम्ही पुजाऱ्याला टाळ्या दिल्या."

आता त्याची थोरली बहीण नीलूताई अडून बसली. पुरस्कारात अरुणचं नाव नव्हतं. तो ध्वनीच्या मुख्य माणसाला मिळतो. "नाव नकोच मला," ती म्हणाली. "पण एवढ्या आवाजांत माझा भाऊ कुठे आहे, ते ऐकायचंय." चित्रपट पुन्हा लागला तेव्हा ती दोनदा जाऊन आली. भांडी, दारं, पाऊस… काहीच हाती लागेना. पुढच्या खेपेला आत्या आणि मीही गेलो.

मध्यंतरानंतर नायकाची म्हातारी आई ओसरीवरून आत येते. दिसतात फक्त पाय. एक पाऊल सरळ पडतं, दुसरी चप्पल फरशीला घासत येते, मग जरासा थांबा… आत्या वाकून हळूच म्हणाली, "ही बाई माझ्यासारखी चालते रे." नीलूताईने पडद्यावरून नजर काढली आणि अंधारात आईच्या पायांकडे बघत राहिली.

परतताना रिक्षात आत्याच म्हणाली, "म्हणून दिवाळीत सारखं पाणी मागत होता. स्वतः काही उठेना, नुसता डोळे मिटून बसलेला. मी म्हटलं, मुंबईत राहून नवाब झालास का रे? तर हसला."

स्टुडिओत विचारून खात्री करून घेता आली असती. मी फोन काढलाही. नीलूताईने तो लावू दिला नाही.

हल्ली आत्या स्वयंपाकघरातून बाहेर यायला निघाली की नीलूताई टीव्हीचा आवाज बंद करते.