भिकूचं पान उघडलं नाही

मुनाफ पावसकर सौदीतल्या यान्बूच्या एका कारखान्यात कागदपत्रं सांभाळतो. रत्नागिरीकडचा, चाळिशी उलटलेला. टेबल नेहमी स्वच्छ, बोलण्यात एक सौम्य खात्री. तीन वर्षांपूर्वी त्याने तिथल्या लेबर कॅम्पमधल्या कोकणातल्या कामगारांसाठी वेबसाइट बनवली. प्रत्येक वेल्डर-फिटरला एक पान, त्यावर फोटो, अनुभव, सर्टिफिकेटं. लोक त्याला 'सर' म्हणू लागले. ते त्याला आवडलं.

होस्टिंग, म्हणजे वेबसाइटला राहायला लागणारी भाड्याची जागा, त्याने जाहिरात बघून घेतलं होतं. 'सगळं अमर्याद' असं तिथे लिहिलं होतं. सर्व्हर अमेरिकेत, आणि त्या एका यंत्रावर शेकडो वेबसाइट, कॅम्पच्या खोलीत माणसं कोंबावीत तशा. बायको सुरैया गावाहून फोनवर म्हणाली होती, "तुमची साइट उघडायला घेतली की मी चहा टाकते. चहा आधी होतो."

"तुझं नेट बघ," तो म्हणाला होता. त्याच्या ऑफिसात ती झटकन उघडायची. रोज उघडल्यामुळे त्याच्या कॉम्प्युटरने ती पानं साठवून ठेवली आहेत, हे त्याला माहीत होतं. तो ते आठवत नसे.

भिकू वेल्डर, गुहागरचा. त्याचं काम संपत आलं होतं. नवा कफील, म्हणजे कामावर ठेवणारा मालक, मिळाला नाही तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपून गावी परत. दूर दक्षिणेतल्या जिझानला मुलाखत ठरली तेव्हा तो प्लास्टिकची फाइल घेऊन निघाला होता. मुनाफ हसला. "कागद घेऊन आता कोण फिरतं, भिकू? लिंक दाखव."

भिकूने फाइल ट्रंकेत ठेवली आणि बस पकडली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्याचा फोन आला. "मुनाफ सर, पान उघडत नाय. सगळं पांढरं."

मुनाफने टेबलावरून पाहिलं. उघडलं. "इथे तर लगेच उघडतंय. तुझा मोबाईल जुना."

"सायबांच्या कॉम्प्युटरवर पण गोल गोलच फिरतंय ओ."

"मग त्यांचं नेट. थांब म्हणावं जरा."

सर्टिफिकेटं त्याच्याच कॉम्प्युटरवर होती. साहेबाचा मेल विचारून ती पाठवायला दोन मिनिटं लागली असती. पण पाठवणं म्हणजे साइट चालत नाही हे कबूल करणं. त्याने फोन ठेवला.

भिकूची जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला मिळाली.

भिकू परतल्यावर मुनाफ कॅम्पवर गेला. भिकू खाटेवरून उठून उभा राहिला. "तुमचं नाव खराब नाय केलं हां. मी सायबाला सांगितलं, साइट चांगली हाय, माझाच मोबाईल जुना."

मुनाफने तो मोबाईल मागितला, साइट उघडायला लावली आणि मनात मोजू लागला. चाळीसच्या पुढे त्याला मोजवेना. पडदा पांढराच होता, खालच्या कोपऱ्याला तडा गेलेला.

त्या आठवड्यात त्याने तीन कंपन्यांचं होस्टिंग चाचणीसाठी घेतलं. या वेळी जाहिरात वाचली नाही. सर्व्हर कुठे आहे, एका यंत्रावर किती साइट बसवता, हे लिहून विचारलं. प्रत्येकावर भिकूचं पान टाकलं आणि संध्याकाळी, सगळा कॅम्प घरी व्हिडिओ कॉल लावून बसलेला असताना, भिकूच्याच मोबाईलवर उघडून पाहिलं.

"ह्यो नको," भिकू म्हणाला. "ह्यो आपल्या जुन्याचा भाऊ."

तिसरा सर्व्हर जवळच्या बहरीनमधला होता. बोट उचलायच्या आत पान आलं. फोटो, नाव, सर्टिफिकेटं. भिकू हसला.

तेव्हा मुनाफने सांगितलं. मोबाईलचा दोष नव्हता. सुरैयाने सांगितलं होतं, तरी त्याने ऐकलं नव्हतं.

भिकूने पान बोटाने सर्टिफिकेटांपर्यंत सरकवलं. "त्या दिवशी फोनवर होतात तेव्हा माझे कागद मेलने पाठवता आले असते?"

"आले असते."

"हं." त्याने मोबाईल उशीखाली सारला. "चहा घेणार?"

मुनाफने चहा घेतला. नको म्हणायचा हक्क त्याला वाटला नाही.

इकामा संपला, भिकू गावी गेला. जाताना म्हणाला, "माझं पान राहू दे. उघडतंय तर."

ते आहे, बहरीनच्या सर्व्हरवर. मुनाफ ऑफिसातून ते कधी उघडत नाही. शुक्रवारी कॅम्पवर जातो, कुणाचाही मोबाईल मागतो आणि भिकूचं पान उघडतं का ते बघतो. लोक अजून त्याला 'सर' म्हणतात. त्याने दोनदा सांगून पाहिलं, नुसतं मुनाफ म्हणा. ते ऐकत नाहीत.