हेमाने माझ्या बॅचमध्ये मीठ टाकलं

माझ्या पीएचडीची वाट हेमाने लावली होती. काल ती गेली.

सकाळपासून तीनदा लिहायला बसलो, तीनदा उठलो. बायको म्हणाली, "एक काय ते कर. बस, नाहीतर खाली फिरून ये."

८६-८७ ची गोष्ट. अंधेरीतल्या कॉलेजची लॅब. मी लोखंडाच्या क्षारांत अमोनिया ओतून फेराइटचे अतिबारीक कण बनवायचो. आता त्यांना नॅनोपार्टिकल्स म्हणतात, आम्ही नुसतं 'काळं पाणी' म्हणायचो.

आयडिया अशी, की कणांवर औषध चढवायचं, रक्तात सोडायचं आणि बाहेरून मॅग्नेट लावून कॅन्सरच्या गाठीपाशी थांबवायचं.

हेमा शेजारच्या टेबलावर. खारदांड्याची, घरी मासळीचा धंदा, घरातली पहिली एमएस्सी. तोंडाने फटकळ.

सात महिन्यांनी माझी बॅच जमली. आठवडाभर बाटली ठेवली तरी तळाला काही बसेना. सोमवारी हॉस्पिटलचे डॉक्टर ती नेऊन सशांना टोचणार होते. सर खूश. माझा सिनॉप्सिस टायपिंगला गेलेला.

शुक्रवारी हेमाने विचारलं, "टेस्ट कशात केलीस?"

"डिस्टिल्ड वॉटरमध्ये. का?"

"जीभ चावली नाहीस का रे कधी? रक्त खारट असतं."

तिने कँटीनमधून मीठ आणलं. शंभर मिली पाण्यात नऊशे मिलिग्रॅम, रक्ताइतकंच खारट, नीट वजन करून. त्यात माझं काळं पाणी सोडलं.

दहा मिनिटांत सगळं खाली. वर पाणी, तळाला गाळ.

"सशाच्या फुफ्फुसात हेच अडकलं असतं. सरांना तू सांग, नाहीतर मी सांगते."

मी म्हणालो, "तुझं स्वतःचं काही होत नाही, म्हणून माझं बिघडवतेस."

हो, बोललो मी असं.

दीड वर्ष गेलं. कण तयार होतानाच त्यांच्यावर डेक्स्ट्रानचं, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांचं, अस्तर चढवायचं, ही युक्ती तिची. पहिल्या बॅचेसही तिनेच केल्या. त्या मिठात टिकल्या. ससेही जगले.

मग तिचे वडील आजारी पडले. रिसर्च सोडून ती साकीनाक्याला औषधाच्या कंपनीत लागली.

माझा प्रबंध झाला. त्यातलं चौथं प्रकरण त्या अस्तरावर. आभारात सर, स्टोअरकीपर, टायपिस्टसुद्धा. हेमा नाही. विसरलो नव्हतो. नाव घातलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, मग यात तुझं काय?

तिने प्रत वाचायला मागून नेली. आठ दिवसांनी परत दिली.

"टायपिंग छान झालंय," एवढंच म्हणाली.

पुढे इतकी वर्षं भेटत राहिलो. तिने विषय काढला नाही, मीही नाही.

आज सकाळी तिच्या मुलीचा फोन आला. "काका, आई तुमच्या लॅबमध्ये नक्की काय काम करायची?"

मी म्हणालो, "मला मदत करायची."

सायली, खोटं बोललो गं. सकाळी सकाळी, आई जाऊन एक दिवस नाही झाला तर.

चौथं प्रकरण तुझ्या आईचं आहे. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

हेमा, हे तुझ्या देखत लिहायला हवं होतं. माफ कर. शेवटचा नमस्कार.