दुपारी हाकेला ओ देणारा

भाऊबिजेला मी नागपूरहून निघायचं, दौंडला उतरायचं आणि तिथून भाच्यानं मला केंदूरला माहेरी न्यायचं, हे वर्षानुवर्षं ठरलेलं आहे. यंदाही तो आला, फुलं वाहायचा पिकअप घेऊन. त्या गाडीत शेवंतीचा वास इतका मुरलाय की नागपूरला गेल्यावरही माझ्या साडीच्या घड्यांतून येत राहतो. पण या वेळी पोराचं तोंडच उतरलेलं होतं. डोळे तांबडे, गाल आत गेलेले, आणि चौफुला यायच्या आत जांभई देताना स्टिअरिंग चांगलंच हललं.

"अरे मेल्या, माहेरी नेतोयस का थेट वर?" मी ओरडलेच.

"थर्ड शिफ्ट चाललीय आत्या, ह्या आठवड्यात. कंपनीत लागलोय. आप्पा बोलले न्हाईत व्हय तुला?"

आप्पा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझा दादा. तो कशाला बोलतोय! फोनवर "बरं हाय सगळं" याच्या पुढं त्याची गाडी कधी गेली नाही. न्हावरं येईपर्यंत भाच्यानंच सगळं सांगितलं. तिशी उलटलेला हा मुलगा. सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही, आणि शेवंती अशी पिकवतो की व्यापारी बांधावर येऊन उभा राहतो. पण मुलीकडची माणसं आली की पहिला प्रश्न, "नोकरी कुठं?" शेती म्हटलं की चहा अर्धा ठेवून उठतात. विचारणारे बाप स्वतः शेतकरी बरं का! शेवटी मध्यस्थ म्हणाला, बायोडाटात कंपनी घाला, मग बघतो. म्हणून पोरगा रांजणगावला एका कंपनीत कंत्राटावर चिकटला. रात्री कंपनी, सकाळी फुलं तोडायची, दुपारी पाणी द्यायचं. झोपायचं कधी, ते बायोडाटात कुणी विचारत नाही.

आणि आता रविवारी दौंडची माणसं घर बघायला येणार होती.

"हे शेवटचं हां आत्या," तो म्हणाला. "न्हाई जमलं तर बास. परत पोह्याच्या बशा मांडायच्या न्हाईत माझ्यापुढं. एकटा राहीन, त्यात काय."

हसत हसतच म्हणाला तो. मला मात्र रडू आलं, आणि शिक्रापूरच्या त्या ट्रकांच्या गर्दीत मी पदरानं डोळे पुसत बसले. याला मांडीवर घेऊन मी याचे कान टोचून घेतलेत. हा एकटा कसा राहील?

रडून झालं आणि मी पदर खोचला. भाऊबीज झाली, ओवाळणी झाली, आणि तिथून पुढं घराचा ताबा माझ्याकडं. शेणाचा खड्डा ताडपत्रीखाली घातला. फुलांचे क्रेट घराच्या पाठीमागं रचून त्यांवर हिरवी नेट टाकली. पिकअप शेजारच्या वस्तीवर धाडला आणि त्यांची पांढरी कार आणून आमच्या अंगणात उभी केली. भाच्याला कंपनीचा शर्ट घालायला लावला आणि गळ्यात आयकार्डाचा पट्टा अडकवला.

"आत्या, रविवारी कोण घालतंय हे?"

"तू घालतोयस. आणि शेतीचं विचारलं तर म्हणायचं, ती वडील बघतात."

वहिनी म्हणाल्या, "वन्सं, जरा जास्तच व्हतंय का?" मी म्हटलं, तुम्ही कांदा चिरा. दादानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि रानात निघून गेला.

माणसं आली. मुलीचे आईवडील आणि स्वतः मुलगी. आमच्या वेळी लग्नाआधी मुलीनं सासरचा उंबरा बघणं म्हणजे काय बोभाटा झाला असता! पण आली ते बरंच केलं. सावळी, तरतरीत, आणि बोलणं इतकं हळू की दोनदा विचारल्यावर मला नाव कळलं. तिचे वडील रेल्वेत, मालगाडीवर ड्रायव्हर. त्यांनी भाच्याच्या गळ्यातला पट्टा बघितला आणि त्यांचा चेहरा खुलला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पोहे आले. मी कंपनीचं कौतुक चालू केलं. कँटीन कसं, बस कशी दारात येते, सगळं. माझी टकळी चालू असतानाच समोरच्या सगळ्यांची नजर एका बाजूला वळली. भाचा झोपला होता. हातात बशी, बशीत चमचा, आणि हनुवटी आयकार्डावर टेकलेली. बिचारा सकाळीच शिफ्ट करून आला होता आणि आल्या आल्या मी त्याला दाढी करायला पिटाळलं होतं. बशी कलंडली, ती वहिनींनी वरच्यावर धरली. मी त्याला चिमटा काढायला हात पुढं केला.

"राहू द्या, राहू द्या," मुलीचे वडील म्हणाले. "थर्ड असेल. मला माहीत आहे ते. कष्टाळू आहे पोरगा."

म्हणजे त्यांना पसंतच पडला की! पण मुलगी उठली. "पाणी घेते," म्हणाली आणि तडक मागच्या दारानं बाहेर गेली.  मी तिच्या मागं धावले.

ती नेटजवळ उभी होती. नेटचं एक टोक उचलून आत बघत होती. पिवळी आणि पांढरी शेवंती, क्रेटवर क्रेट.

"रागावलीस काय गं?" मी विचारलं. "एरवी असा नाही तो. झोपाळू अजिबात नाही."

"रागावले नाही, आत्या." ती त्याच हळू आवाजात म्हणाली. "पण मला कंपनीवाला नको होता. मी मध्यस्थांना सांगितलं होतं. ते म्हणाले, वेडी का तू, लोक कंपनीवाल्यासाठी रांग लावतात."

"नको? का बरं?"

"आमचे पप्पा रात्रभर गाडीवर, दिवसभर झोपलेले. आमच्याकडं कुकरची दुसरी शिट्टी मी कधी ऐकली नाही, मम्मी आधीच पळत जाऊन गॅस बंद करते. शाळेतून आलं की चपला हातात घेऊन घरात शिरायचं. मोठ्यानं हसायचं असलं तर टेरेसवर जायचं. पप्पा लई चांगले आहेत हो, पण घरात असून कधी नसायचेच. मला दुपारी हाक मारली तर ओ देणारा माणूस पाहिजे. तेवढंच."

 दोन दिवस घाम गाळून मी जे जे झाकलं होतं, नेमकं तेच या पोरीला बघायचं होतं. माझं मलाच हसू यायला लागलं, आणि राग पण.

"ये इकडं," मी म्हटलं आणि नेट ओढून काढली. "ही फुलं त्याची. त्या बांधापर्यंत सगळी शेवंती त्याची. ती अंगणातली कार आमची नाही, आमचा पिकअप शेजारी लपवलाय. आणि ती कंपनी, बाई, तुझ्यासाठीच धरलीय त्यानं. नाहीतर कोण मुलगी देतंय आम्हाला?"

ती तोंडावर हात ठेवून हसली. हसतानासुद्धा आवाज नाही, सवयच ती.

आत आलो तर भाचा जागा होऊन कावराबावरा बसला होता. "माफ करा, डोळा लागला," म्हणाला. तिनं सगळ्यांसमोर सरळ विचारलं, "कंपनी आवडते तुम्हाला?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "खरं बोल रे बाबा. मी शिकवलेलं सगळं विसर."

"न्हाई आवडत," तो म्हणाला. "रानात बरं वाटतं मला." आणि त्यानं गळ्यातला पट्टा काढून टेबलावर ठेवला.

तिच्या वडिलांचा चेहरा पडला. "म्हणजे पर्मनंट नाहीच?" एवढंच विचारलं आणि उठले. "कळवतो."

कळवतो म्हणजे काय, ते आमच्याकडं पोरासोरांनाही कळतं. वहिनी आत जाऊन रडल्या. मी तोंड लपवून बसले. दादा मात्र उठला, शेजारची कार पोचवून पिकअप घेऊन आला. म्हणाला, "माझ्याच रानात चोरागत वाटत हुतं दोन दिस. आता मोकळं झालं."  दुसऱ्या दिवसापासून भाचा कंपनीत गेला नाही. रात्रभर झोपला आणि सकाळी फुलं तोडताना मी कितीतरी दिवसांनी त्याची शीळ ऐकली.

माझ्या निघायच्या दिवशी सकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. दौंडला येणारच आहात तर घरी येऊन जा, म्हणाले. का, ते सांगितलं नाही. पूर्ण रस्ताभर भाचा गप्प. मी पण गप्प, आणि माझ्यासारखी बाई गप्प म्हणजे बघा.

रेल्वेलाईनच्या जवळच त्यांचं घर. दुपारची वेळ. तिच्या आईनं दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि आत या म्हणून खुणावलं. आम्ही चपला हातात घेऊन आत गेलो, घरून आणलेली शेवंतीची पाटी अल्लाद खाली ठेवली. पण वडील झोपले नव्हते. आतल्या खोलीतून बाहेर आले आणि भाच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"दुपारी तीनला कुठं असता तुम्ही?"

"शेतात."

"घरातनं हाक मारली तर?"

"ऐकू येती की. घराच्या म्हागंच हाय शेत."

त्यांनी पाटीतलं एक फूल उचलून हातात घेतलं. मग मला म्हणाले, "त्या दिवशी येताना गाडीत पोरगी बोलली माझ्याशी. आत्याबाई, एवढी नोकरी झाली माझी, मला वाटायचं आमचं घर शांत आहे. माणसं शांत आहेत. मला माहीतच नव्हतं हो, हे सगळे माझ्यामुळं कुजबुजतात. मी झोपलेलो असायचो."

 तिची आई भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मग ते भाच्याला म्हणाले, "पगाराचं मी बघत बसलो. ते राहू द्या. तारीख तुमच्या फुलांच्या सवडीनं काढू."

भाच्याला वाकून नमस्कार करायचंही सुचलं नाही, मीच त्याच्या पाठीत धपका घातला. आणि त्या माणसानं, बसल्या जागेवरून, स्वयंपाकघराकडं बघत मोठ्यानं हाक मारली, "अगं पोरी, चहा टाक सगळ्यांना!"

"टाकलाऽऽय!" आतून अशी काही आरोळी आली की गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं.