घंटी झाल्यावर

आयाबाई लहान होती, फ्रॉकच्या वयाची, तेव्हा एकदा तिने दाराआडून आईबापाचं भांडण ऐकलं. आई भांडी घासत होती. राग माणसाचा आणि आदळआपट भांड्यांची, असं चाललं होतं.

"मला बायको म्हणून आणलीत, की तुमच्या वडिलांच्या उशाशी बसवायला?"

बाप चहा पीत होता. मान वर न करता म्हणाला, "दोन्ही एकच की."

आईने हातातलं पातेलं असं आदळलं की पोरीने श्वासच धरला. आता काहीतरी होणार! तेवढ्यात आतल्या खोलीतून आजोबांची हाक आली, "सूनबाई, पाणी." आई हात पुसत उठली आणि आत गेली. झालं, भांडण तिथेच संपलं. कोण जिंकलं ते विचारायची गरजच उरली नाही.

पोरीने त्या दिवशी मनाशी गाठ मारली, की अशा घरात आपण पाऊल टाकायचं नाही. आणि मोठी झाल्यावर केलं काय, तर इस्पितळात आया म्हणून लागली! शेजारणींना हसू आवरेना. ती म्हणायची, "हसा. तिथे पगार मिळतो, आणि कामाची पाळी संपली की दाराबाहेर पडता येतं. माझ्या आईच्या पाळीला दारच नव्हतं."

कामात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. माणूस पलंगावर असतानाच त्याला कुशीवर वळवायची, अर्धी चादर काढून अर्धी नवी घालायची, मग दुसऱ्या कुशीवर वळवून उरलेली ओढून घ्यायची. झोपलेल्याची झोपसुद्धा मोडायची नाही. चादरीचे कोपरे गादीखाली घट्ट खोचायची. चादरीवर सुरकुती राहिली तर ती हिच्या कपाळावर चढायची. पायात रबरी तळाची चप्पल, कारण वॉर्डात पावलाचा आवाज चालत नाही.

लग्नाचं विचारायला कोणी आलं, की हिचा एकच प्रश्न, "घरात अंथरुणावर कोणी आहे का?" एकाकडे वडील होते, एकाकडे आत्या, आणि एकाकडे तर पहिली बायकोच निघाली. असं करता करता चाळिशी उलटली. मग कंडक्टर भेटला.

हा तिच्या सकाळच्या बसचा कंडक्टर. डेपोत त्याला घंटीमास्तर म्हणायचे. ती धावत येताना दिसली की दोरीला हात लावून उभा राहायचा, पण घंटी द्यायचा नाही. बाईमाणसाला आणखी काय लागतं? कोणीतरी आपल्यासाठी थांबलं, एवढंच. गप्पा तर अशा मारायचा की उभ्याने जाणाऱ्यांनाही पाय दुखल्याचं कळायचं नाही.

"आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो," एकदा चहा पिताना म्हणाला. "समजा, पुढे रस्ता खणलाय, गाडी लांबून न्यायची आहे. थांब्यावर सांगितलं तर कोण चढेल? म्हणून आधी सगळ्यांना आत घ्यायचं, दार लावायचं, घंटी मारायची. मग सांगायचं."

"आणि लोक शिव्या देतात त्याचं काय?"

"देतात. पण बसल्या बसल्या देतात."

आयाबाई इतकी हसली की चहा नाकात गेला. हसणं ओसरल्यावर तिने आपला प्रश्न विचारला.

"माझ्या घरात? मी आणि भिंतीवरचं घड्याळ," तो म्हणाला. "दोघंही चालते आहोत. आई असते ताईकडे, मजेत."

एवढ्यावर आयाबाईने सह्या केल्या आणि लग्न झालं.

कंडक्टरने नव्या जोडप्यांच्या जहाजाची सहल काढली. आयाबाईने त्यासाठी टाचेच्या चपला घेतल्या, चमकत्या बक्कलाच्या. फरशीवर टकटक वाजतात की नाही, ते दुकानात दोनदा चालून पाहिलं आणि मगच घेतल्या.

जहाजावर सगळी कोवळी पोरं. त्यांच्यात ही दोघं म्हणजे लग्नाला आलेले काका-काकू. खोलीत पलंगावर टॉवेलाची बदकं करून ठेवलेली, चोचीला चोच लावून. आयाबाईने ती उलगडली, झटकली, घड्या घातल्या. मग पलंगाकडे पाहिलं, आणि राहवलंच नाही. चादर काढली, पुन्हा घातली, कोपरे खोचले. नवरा कौतुकाने बघत उभा.

"हात काय तयार आहे तुझा!" तो म्हणाला. तिला ते प्रेमाचं वाटलं.

पाय आत घालायला गेला तर चादर हलेना. "अगं, माणूस निजवायचा आहे की पाकिटात घालायचा आहे?" दोघंही हसली. तिने एक कोपरा सैल करून दिला. तिच्या आयुष्यात तिने स्वतःहून सैल केलेला तो पहिला कोपरा.

मग दोघं वर आली. टकटक, टकटक! ती मुद्दाम जोरात चालली. कोणी "शू" म्हणालं नाही. वारा होता, पोरी केस सावरत होत्या, कुठेतरी वाद्यं वाजत होती. तिच्या मनात आलं, आज संध्याकाळपर्यंत पलंगावरून मला कोणी हाक मारणार नाही. एक अख्खा दिवस! तिला एवढंच हवं होतं, आणि तसेच पुढचे.

कंडक्टरचं लक्ष मात्र कठड्याखाली. "जिना काढला का गं?"

"काढतायत. का? कोणी राहिलंय का आपलं?"

"नाही, सहज."

जिना काढला. दोर सोडले. भोंगा वाजला, धक्का हळूहळू मागे सरकायला लागला. पोरापोरींनी एकच कल्ला केला. कंडक्टरने सुस्कारा सोडला, घसा साफ केला.

"एक सांगायचं होतं."

"सांगा की."

"आई आपल्या घरी आली आहे. आज सकाळी, आपण निघाल्यावर. ताईने आणून सोडली."

"राहायला आल्या? बरं झालं. मग जेवणाखाणाचं काय? करतील ना त्या स्वतःचं?"

तो समुद्राकडे बघत म्हणाला, "तिला उठता येत नाही."

आयाबाईचे हात कठड्यावर होते, तिथेच राहिले. "कधीपासून?"

"पडली तेव्हापासून. गेल्या वर्षी."

"म्हणजे मी विचारलं त्याच्या आधीपासून."

"तू विचारलंस, घरात कोणी आहे का. घरात तेव्हा नव्हतंच कोणी. मी खोटं बोललो नाही."

"नाही, नाही. तुम्ही कसले खोटं बोलताय!" तिचा आवाज चढला नाही. वॉर्डाची सवय. "मग हे जमिनीवर असताना का नाही सांगितलंत?"

आणि तो हसला हो! लाजून नव्हे, समजावल्यासारखा. "चढली असतीस का?"

तिने मागे पाहिलं. धक्क्यावरची माणसं बोटाएवढी झाली होती. शिव्या द्याव्यात तर त्याही आता बसल्या बसल्याच द्याव्या लागणार होत्या.

"रागावू नकोस," तो म्हणाला. "तुला जड नाही. तू तर रोजच करतेस. आणि आईला परकी बाई नको, बायकोने केलं म्हणजे कसं, घरचं होतं."

"बायको की आया?"

"त्यात काय एवढं? एकच की."

आयाबाईने मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. तिचा बाप कधीच वारला होता, पण इथे नव्या शर्टात उभा होता.

ती तडक खोलीकडे निघाली. टकटक, टकटक. काय बोलायचं ते जुळवत होती, कधी नव्हे ते आदळायला एखादं पातेलं मिळालं असतं तर बरं, असं वाटत होतं. जिन्यापाशी पोचली तोच मागून कोणी ओरडलं, "अहो काकू, काकांना बघा!"

जहाज उघड्या पाण्यात आलं होतं आणि जन्मभर हलत्या गाडीत उभा राहिलेला माणूस बाकावर पांढरा फटक पडला होता. घाम सुटलेला, तोंडावर हात. आयाबाई दोन क्षण उभी राहिली. परत जायचं नाही असं तिने ठरवलं होतं, खरंच ठरवलं होतं. पण पायांना कोणी सांगितलं नव्हतं. ती गेली, शेजारी बसली, मनगट हातात घेतलं आणि नाडी मोजू लागली.

"वा! काय जोडी आहे! असंच राहा!" जहाजाचा फोटोवाला समोर उभा. कॅमेऱ्याचा खटका वाजला.

तो फोटो पुढे त्यांच्या घरात लागला. येणारा-जाणारा म्हणायचा, लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तेव्हा हात कसा घट्ट धरलाय बघा. आयाबाई म्हणायची, "हो ना. नाडी फार पळत होती."

त्या संध्याकाळी वर मोठं जेवण होतं, नाच होता. ही खालच्या खोलीत त्याच्या उलटीसाठी तसराळं धरून बसली होती. सैल केलेला कोपरा तिने पुन्हा खोचून टाकला. जरा डोळा लागतो न लागतो तोच पलंगावरून हाक आली, "अगं, पाणी." ती उठली. त्याला टाचांचा आवाज सोसेना, म्हणून चपला काढून पिशवीत ठेवल्या.

घरी परतल्यावर नणंद दारातच तयार उभी होती, हातात स्वतःची पिशवी. "वहिनी, तुम्ही म्हणजे देवासारख्या आलात," म्हणाली आणि जिना उतरून गेलीसुद्धा.

आत म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. आयाबाईने तिला वळवलं, चादर बदलली. म्हातारीने तिला निरखून पाहिलं.

"तुला सांगितलं नव्हतं ना त्याने?"

"जहाज सुटल्यावर सांगितलं."

"मला गाडीचं दार लावल्यावर," सासू म्हणाली. "दवाखान्यात नेते म्हणाली होती लेक, त्याच्याच शिकवणीने."

मग दोघींचं जमलं. सासू असेपर्यंत त्या घरात बोलायला माणूस होतं, हे आयाबाईच मान्य करायची. इस्पितळ मात्र सुटलं. बाहेरच्यांचं करतेस मग घरचं कोणी करायचं, असा त्याचा हिशोब. पगार गेला आणि पाळीचं दारही गेलं. सासू गेली, तिचा पलंग चार वर्षं रिकामा राहिला. मग अर्धांगाने कंडक्टरच त्याच्यावर येऊन पडला. डेपोने निरोपाच्या वेळी दिलेली पितळी घंटी त्याने उशाशी ठेवून घेतली. वाजली की आयाबाई जायची, रबरी चपलेत, आवाज न करता.

पुढे तिच्या पोटात दुखू लागलं. तिने ते दाबून ठेवलं, आणि जुन्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं तेव्हा त्या रागावल्या. लगेच भरती व्हा, म्हणाल्या. आयाबाईने घरी काही सांगितलं नाही. नणंदेला फोन केला, "ताई, कधी येतच नाही. या चहाला."

त्या दिवशी तिने नेहमीसारखी सकाळी औषधं आणली, उशाशी लावली. त्याला वळवलं, अर्धी चादर, मग उरलेली. कोपरे खोचले. पाण्याचं भांडं हाताशी, घंटी हाताशी. नणंद आली, चहा झाला, बिस्किटं झाली.

"बसा ताई. मी एवढ्यात जाऊन येते," म्हणाली आणि पिशवीतून त्या टाचेच्या चपला काढून पायात घातल्या. बक्कल कधीच काळवंडलं होतं. जिन्यावर टकटक वाजली तशी नणंद नवल वाटून मागे फाटकापर्यंत आली. खाली टॅक्सी उभी होती. आयाबाई आत बसली, दार लावलं, मग काच खाली केली.

"ताई, मी इस्पितळात भरती होतेय. पोट कापायचं आहे. परत येईन न येईन, डॉक्टर काही बोलत नाहीत. त्यांना दर दोन तासांनी वळवा, नाहीतर पाठीला जखमा होतात. ओली चादर बादलीत आहे."

नणंदेचा चेहरा पडला. "अहो वहिनी! मला आधी नाही का सांगायचं?"

"आला असतात का?"

वरच्या खिडकीतून घंटी वाजली. एकदा, मग जोरजोरात. आयाबाईचा हात दाराच्या कडीवर गेला. तिने तो परत मांडीवर आणून ठेवला.

टॅक्सीवाल्याने मागे पाहिलं. "बाई, कोणी बोलावतंय. थांबू का?"

"घंटी झाली ना?" आयाबाई म्हणाली. "मग सोडा गाडी."