बर्फावर कुणाला पाठवायचं

"खेळतोय चांगला. पण कुणाला दाखवतोय?"

मॅडम हे वाक्य इतक्या हळू म्हणायच्या, की ते शेजारच्यालाच ऐकू जावं. शेजारी बहुतेक वेळा मीच असायचो. हात पाठीमागे बांधलेले, मान थोडी तिरकी, आणि नजर खेळाडूवर नाही, तर खेळाडू जिकडं बघतोय तिकडं. बाजारात मेथीची वरची जुडी बाजूला सारून खालची ओढून काढणारी बाई तुम्हीही पाहिली असेल. मॅडम मुलांची निवड तशी करायच्या.

मी नाशिकला चाकांच्या स्केटवरची हॉकी शिकवतो. सिमेंटचं मैदान, हातात स्टिक आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती. बर्फ आमच्या मुलांना ठाऊक तो रसवंतीतला. तरी दर हिवाळ्यात राज्याच्या आइस हॉकी संघासाठी लेहला शिबिर असतं, आणि आमच्याकडून एक मुलगा आणि एक मुलगी तिथं जातात. ती कोण, हे मॅडम ठरवायच्या. तरुणपणी त्या मैदानी हॉकीच्या गोलकीपर होत्या. पुढं पोस्टात नोकरी करून निवृत्त झाल्या.

"गोलकीपरला समोरून येणारा प्रत्येक जण उजवीकडं दाखवतो आणि डावीकडं मारतो," त्या सांगायच्या. "आयुष्यभर तेच पाहिलं की नजर तशीच होते."

त्यांचा संशय सगळ्यांवर सारखा असे. एकदा एका मुलाच्या वडिलांनी मोबाइलवर त्याच्या खेळाची क्लिप लावली. मागं ढोलताशांचं जोरदार संगीत.

"आधी आवाज बंद करा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी बंद केला. मॅडमनी क्लिप शेवटपर्यंत पाहिली आणि शांतपणे विचारलं, "आता यातून जे कापून टाकलंय, ते दाखवता?"

मी एखाद्या मुलाबद्दल बरं बोललो, तर मलाही सोडत नसत. "कोच, तो तुमच्याकडंच शिकतो ना?" एवढंच विचारायच्या. त्यानंतर मी काही बोलण्यात अर्थ उरत नसे.

वैष्णवीच्या बाबतीत मात्र मला वाटलं होतं, की या वेळी मॅडमना संशयाला जागाच मिळणार नाही. ती मखमलाबादकडची. घरी झेंडू आणि शेवंतीची शेती. शाळेच्या सुट्टीतल्या शिबिरात पहिल्यांदा तिच्या पायात स्केट चढवले, ते मीच. चौदाव्या वर्षी ती मोठ्या मुलींच्या मधून अशी निघायची, की चकती तिच्या स्टिकला बांधलेलीच वाटावी. चाचणीच्या दिवशी तिनं समोरच्या संघाला पार नमवलं. मी मॅडमकडं पाहिलं. त्या मैदानाबाहेरच्या कठड्याकडं बघत होत्या.

कठड्याला टेकून वैष्णवीचे वडील उभे होते. पहाटे तोडलेली फुलं बाजारात पोचवून, रिकामा टेम्पो घेऊन ते तसेच आले होते. शर्टाला पिवळे डाग, डोळे तांबारलेले. प्रत्येक गोलनंतर, प्रत्येक शिट्टीनंतर वैष्णवीची मान कठड्याकडं वळत होती.

"ही जाणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"का?"

"बापासाठी खेळते. एक पास दिला, की बघ बापाकडं. लेहला बाप नसणार. तिथं पहिल्याच दिवशी कोसळेल."

त्यांनी दुसरी मुलगी निवडली. ती मॅडमच्याच कॉलनीत राहणारी निघाली. मग काय, पालकांत कुजबुज सुरू झाली. खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलंच. एकदा चहा पिताना मी म्हणालो, "मॅडम, लोक बोलतायत."

"बोलू द्या. त्यांच्या जागी असते, तर मीही तेच बोलले असते."

निवडलेली मुलगी लेहला जाऊन आली, ठीक खेळली. वैष्णवी सराव चुकवत नव्हती, पण माझ्याशी बोलणं तिनं कमी केलं. पुढच्या वर्षी चाचणीच्या आदल्या आठवड्यात मॅडम नेहमीसारख्या न सांगता आल्या, तेव्हा ती स्केटवरूनच त्यांच्यासमोर जाऊन थांबली.

"मॅडम, मागच्या वेळी मला का नाय घेतलं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न पालकांनी विचारला होता, मुलांनी कधीच नाही. मॅडमनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तू खेळताना सारखी वडिलांकडं बघतेस. शाबासकीसाठी खेळणारं माणूस मला नको."

वैष्णवी म्हणाली, "शाबासकीसाठी नाय बघत. पप्पा झोपले का, ते बघते."

"म्हणजे?"

"ते पहाटे अंधारात उठून फुलं तोडतात. मार्केट करून मला इथं आणतात. खेळ चाललेला असताना टेम्पोत झोपा म्हणलं, तर ऐकत नाय. तुझा खेळ बघायचाय म्हणतात. मग घरी जाताना डोळा लागतो त्यांचा. एकदा टेम्पो रस्त्याकडच्या चारीत गेलता. मी शेजारीच बसले होते." तिनं हेल्मेट काढून हातात घेतलं. "मी वळून बघते ना मॅडम, तेव्हा ते तिथं दिसू नये असं वाटतं."

मॅडमनी पाठीमागचे हात सोडले. काय करावं ते न सुचल्यासारखे ते काही वेळ नुसते लोंबत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, कोच, गोष्ट छान आहे, पण कुणी पढवली? पण त्या रिक्षा करून निघून गेल्या.

चाचणीच्या सकाळी वैष्णवीचे वडील कठड्याशी येऊन उभे राहिले, तशा मॅडम त्यांच्याकडं गेल्या.

"तुम्ही टेम्पोत जाऊन झोपा."

"मॅडम, पोरीचा खेळ हाय आज."

"तुम्ही इथं उभे असलात की तिचा खेळ मोडतो. मी बघते. नंतर तुम्हाला सगळं सांगते. एकही गोष्ट सोडणार नाही."

ते गेले. मॅडम त्यांच्या जागी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. पहिल्या शिट्टीनंतर वैष्णवीची मान वळली. मॅडमनी टेम्पोकडं बोट केलं, मग गालाला तळवा लावून डोळे मिटून दाखवले. त्या बाईला मी तोपर्यंत असले हातवारे करताना पाहिलं नव्हतं. त्यानंतर वैष्णवी तिकडं वळली नाही. त्या दिवशी तिनं स्वतः गोल थोडेच केले, पण इतरांना दिलेले पास असे होते, की गोल चुकवणं त्यांना अवघड जावं.

चाचणी संपल्यावर मॅडम टेम्पोजवळ गेल्या, वडील उठेपर्यंत थांबल्या, आणि उभ्या उभ्या त्यांना सगळा खेळ सांगितला. कुठून निघाली, कुणाला चुकवलं, कुठं घाई केली. ते गृहस्थ मान हलवत ऐकत होते. निवड झाल्याचं मॅडम सांगायचंच विसरल्या. ते मी सांगितलं.

त्यानंतर मॅडमनी निवडीचं काम सोडलं. कारण विचारल्यावर म्हणाल्या, "एकीनं येऊन विचारलं म्हणून कळलं, कोच. ज्या विचारायला आल्या नाहीत, त्यांचं काय?" पुढं त्या मुलाकडं पुण्याला राहायला गेल्या.

वैष्णवी लेहहून परतली, पण राज्याच्या संघात तिची निवड झाली नाही. मी फोनवर मॅडमना कळवलं.

"रडली का?"

"नाही."

"मग लक्ष ठेवा तिच्यावर. रडली नाही म्हणजे काहीतरी लपवतेय."

तो शेवटचा फोन. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्याचं त्यांच्या मुलानं कळवलं. संध्याकाळच्या सरावाआधी मी वैष्णवीला बाजूला घेऊन सांगितलं. तिनं स्केटची नाडी अर्धवट ओढून धरली होती, ती पूर्ण आवळली.

"मला त्यांनी कधी चांगली खेळलीस म्हणलं नाय, सर."

"कुणालाच म्हटलं नाही."

ती हेल्मेट घालून मैदानात उतरली. सांगितल्याप्रमाणे मी तिच्यावर लक्ष ठेवून उभा राहिलो. बाकीची मुलं घरी गेली, तरी ती फेऱ्या मारतच होती. रडत होती की नाही, कळलं नाही. हेल्मेटला पुढून जाळी असते.